रोटरी टूल: नावाचं की बिननावाचं? अनुभव लिहा

हातचलाखी
भाच्याला रोटरी टूल, म्हणजे घासायचं-कोरायचं हातातलं छोटं फिरतं मशीन, घ्यायचंय. त्याचा फोन आला, "मामा, ड्रेमेल कंपनीचंच घेऊ की तसंच दिसणारं स्वस्तातलं चालेल?" आणि बाबांचं जुनं मशीन आठवलं. त्यावरचं नाव कधीच पुसून गेलं होतं, पण हात लावायची कुणाची बिशाद नव्हती.
माझ्या मते निम्मा फरक कोलेटचा. बिट, म्हणजे पुढचं फिरणारं टोक, धरणारा तो छोटा चिमटा वाकडा असला की बिट फिरताना झोके घेतं. लाकूड घासताना कळतही नाही, पण मिलिमीटरपेक्षा बारीक ड्रिल लावा, टक्कन मोडतं. तुमचं काय?

भुसाच_भुसा
दोन्ही आहेत. घासायला बिननावाचं, कोरायला नावाचं. कपडे वाळत घालायचेत, मग सविस्तर लिहिते.

अर्धं_जहाज
प्लास्टिकवाल्यांनो, डब्यावर मिनिटाला ३५,००० फेरे लिहिलंय म्हणून हुरळू नका, कमीत कमी वेग किती ते बघा. ड्रेमेल ४००० हे ५,००० पर्यंत खाली येतं आणि जरा दाबलं तरी वेग टिकवतं. माझं आधीचं स्वस्तातलं कमी वेगावर टेकवलं की थांबायचं, वाढवलं की प्लास्टिक वितळून बिटला चिकटायचं.

भुसाच_भुसा
ते जहाज झालं का पुरं?

अर्धं_जहाज
शिडं राहिलीत. पुढचं विचारू नका.

आटेबाज
आमच्या ग्रुपात कुठल्याही रोटरी टूलला ड्रेमेलच म्हणतात, त्यामुळे "ड्रेमेल घेतलं" म्हणणाऱ्याचं मशीन आधी उलटून बघावं. मूळ कंपनी आल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ मध्ये अमेरिकेतल्या रॅसीनला काढली, १९९३ पासून ती बॉशकडे आहे.
माझं बिननावाचं. मोटर ठणठणीत, पण कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे) झिजले आणि त्या मापाचे कुठे मिळेनात. शेवटी मोठे आणून कानशीने घासून बसवले. अजून चालतंय. मात्र ज्याला असली खटपट आवडत नाही त्याने सुटे भाग मिळतात का ते आधी बघावं.

चष्मा_कुठाय
ब्रँड कुठलाही घ्या, तारेचा ब्रश १५,००० च्या वर फिरवू नका. तारा सुटून उडतात. पातळ कटिंग डिस्क तिरकी धरली की फुटते. आधी चष्मा, मग मशीन.

मणीमाळ
मी साधं मशीन आणि चांगली बिटं या मताची. ३.२ मिमी दांड्याची बिटं बहुतेक सगळ्यांत बसतात. आमच्या वहिनी दंतवैद्य आहेत, त्यांच्याकडचे जुने बर (दात कोरायची बिटं) खडे कोरायला झकास. दांडा २.३५ मिमी, त्यामुळे २.४ चं कोलेट लागतं.

आटेबाज
निर्जंतुक करून देतात ना? 😄

मणीमाळ
हो हो! तरी नवरा त्या डब्याला हात लावत नाही.

भुसाच_भुसा
आले. विसरलेच काय लिहिणार होते. हां, फ्लेक्स शाफ्ट, म्हणजे मशीनला जोडायची लवचिक नळी! मशीन टांगून ठेवायचं, हातात फक्त पेनाएवढी दांडी. मनगट दुखत नाही. शाफ्टला फार घट्ट वळण देऊ नका, तापतो.

हातचलाखी
हे भारी. भाच्याला हे सगळंच पाठवतो. तो काय कोरणार आहे ते विचारायचंच राहिलं.

अर्धं_जहाज
जहाज सोडून काहीही कोरू दे.

नवशिका
रात्री वापरता येईल असं, बिनआवाजाचं कुठलं?

चष्मा_कुठाय
कानस.