‘ग्लूटेन सेन्सिटिव्हिटी’ : वावडं, असहिष्णुता की आणखी काही?

भाषांतरकार, परभणी : रुग्णांच्या माहितीपत्रकात ‘ग्लूटेन सेन्सिटिव्हिटी’साठी मी ‘ग्लूटेन असहिष्णुता’ लिहिलं होतं. (ग्लूटेन म्हणजे गहू, जव यांतलं चिवट प्रथिन.) मुद्रितशोधकानं ते खोडून ‘गव्हाची ॲलर्जी’ केलं. साधं ‘गव्हाचं वावडं’ का नको?

आहारतज्ज्ञ, लातूर : ॲलर्जी मुळीच नको. तिच्यात काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते. सिलियाक या आजारात ग्लूटेन खाल्लं की प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतली लव झडून सपाट होते, लोह शोषलं जात नाही. म्हणून जुलाब नसले तरी रक्त कमी राहतं, गोळ्या घेऊनही. सेन्सिटिव्हिटी तिसरीच : पोट फुगतं, डोकं जड होतं, पण लव शाबूत असते. ‘वावडं’ तिन्हींना लागू पडतं, अडचण तीच. शिवाय वावडं म्हटलं की माणूस गहू सोडून मोकळा होतो आणि मग सिलियाक ओळखायची रक्ताची टीटीजी तपासणी खोटी निर्दोष येते. तपासणी गहू खात असतानाच व्हायला हवी.

नांदेडकर : आयुर्वेदात पचन बिघडण्याच्या आजाराला ‘ग्रहणी’ आहे की! आणि ग्लूटेनला ‘चीक’ म्हणा. लॅटिनमध्ये ग्लूटेन म्हणजे सरसच.

लातूर : ग्रहणीत इतरही आजार येतात. अन् चीक म्हणजे ग्लूटेन नव्हे. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून तळाशी बसतो तो मुख्यतः स्टार्च. कणकेचा गोळा पाण्याखाली चोळून धुवा. पांढरं पाणी गेल्यावर रबरासारखं उरतं ते ग्लूटेन. चिकातही त्याचा अंश राहतोच, म्हणून सिलियाक असेल तर कुरडई बंद.

बीड : ‘सोसत नाही’ लिहा ना. असहिष्णुतेतला ‘सह्’ म्हणजे सोसणंच. तो शब्द आता राजकारणानं नेलाय.

धाराशिव : आधी पत्रकात ‘जवस टाळा’ छापलं नाही ना बघा. टाळायचा तो जव. जवसात ग्लूटेन नसतं, चटणी खुशाल खावी. जवारीची भाकरीही चालते, पण गिरणीत आधी गहू दळला असेल तर त्याचं पीठ मिसळतं. डबीतल्या हिंगातही बहुधा मैदा असतो.

नांदेडकर : जव-जवसाचा घोळ नको तर ‘सातू’ लिहा.

लातूर : सातूचं पीठ म्हटलं की लोकांना भाजलेले गहू न् डाळं आठवतं. माल्टच्या पाकिटावर ‘बार्ली’ असतं, तेच लिहावं.

नांदेडकर : कोशात सातू म्हणजे जवच. लोक चुकतात म्हणून शब्द सोडायचा?