प्लस मेझ: विथड्रॉवलमधला उंदीर घाबरलाय की त्याच्या अंगात त्राणच नाही?

नमस्कार मंडळी. एम.फार्म. (फार्माकॉलॉजी) करतोय, प्रबंध अल्कोहोल विथड्रॉवलवर (सवयीची दारू बंद केल्यावर होणाऱ्या त्रासावर) आहे. इथे अ‍ॅनिमल हाऊसमध्ये हात काळे केलेले बरेच जण दिसतात, म्हणून विचारतो.

विस्टार जातीचे नर उंदीर. लिक्विड डाएटमधून इथेनॉल, २.४ टक्क्यांपासून चढवत ७.२ पर्यंत. कंट्रोलला इथेनॉलऐवजी तेवढ्याच कॅलरींची साखर, तीही दारूवाला गट जेवढं डाएट पितो तेवढीच मोजून. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे, त्यामुळे त्यावर वाद नको.

दारू बंद केल्यावर सहा तासांत लक्षणं स्पष्ट दिसतात. शेपूट ताठ, उचललं की अंगाला कापरं, बाहेर किल्ल्यांचा जुडगा वाजला तरी ताडकन उडी. इथवर सगळं ठीक.

घोडं अडलंय ते प्लस मेझवर (अधिकच्या चिन्हासारखा उंचावरचा मार्ग; दोन बाजू उघड्या म्हणजे ओपन आर्म, दोन भिंतींच्या म्हणजे क्लोज्ड आर्म). ओपन आर्ममध्ये जात नाहीत, हे अपेक्षितच. पण क्लोज्ड आर्मच्या एन्ट्रीसुद्धा कंट्रोलच्या निम्म्याच! ओपन आर्म टाळला म्हणजे चिंता, हा हिशेब जनावर नीट हिंडतंय तोवरच खरा. कोपऱ्यात बसून राहिलेल्या उंदराबद्दल काय म्हणायचं? गाईड म्हणतात, ओपन आर्मची टक्केवारी द्या आणि मोकळे व्हा. अहो, पाच मिनिटांत एकूण एन्ट्रीच तीन-चार, त्यांची कसली टक्केवारी काढता! बाहेरचे परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवणार.

कापरं ओसरल्यावर त्याच उंदरांना पुन्हा मेझवर ठेवावं, तर तेही जमत नाही. एकदा मेझ पाहिलेल्या उंदरावर दुसऱ्या खेपेला चिंता कमी करणारं डायझेपामसुद्धा नीट असर दाखवत नाही. म्हणजे वेगळा गट, जास्त जनावरं, पुन्हा मंजुरी. लाइट-डार्क बॉक्समध्येही (अर्धी उजेडाची, अर्धी अंधारी पेटी) उंदराला शेवटी चालावंच लागतं.

वाचनात एक वाट दिसली. विथड्रॉवलमधल्या उंदरावर हवेचा झोत सोडला की तो २२ किलोहर्ट्झच्या आसपास ओरडतो. आपल्या कानाला ऐकू येत नाही, पण वटवाघळांसाठीच्या डिटेक्टरवर पकडता येतं. यात चालण्याचा प्रश्नच नाही.

तर विचारायचं असं:

हे ओरडणं कुणी स्वतः मोजलंय का? साधा बॅट डिटेक्टर पुरतो, की रेकॉर्डिंगची महागडी यंत्रणाच लागते? आमच्या विभागाचं बजेट विचारू नका.

आणि मेझचा आहे तोच डेटा वापरायचा तर क्लोज्ड आर्मच्या एन्ट्री कोव्हेरिएट म्हणून (म्हणजे हालचालीतला फरक गणितात वजा करण्यासाठी) घेणं चालेल का? विथड्रॉवलमुळेच त्या कमी झाल्यात, म्हणून मला शंका येते. संख्याशास्त्रवाल्यांनी जरा सविस्तर सांगा.