वय 33, आणि हाक मात्र ‘बाळा’

गोदाकाठची (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या लेखा विभागात नऊ वर्षांपासून काम करते आणि येत्या कार्तिकात मला 33 वर्षे पूर्ण होतील. स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान मला 29 व्या वर्षी झाले. म्हणजे शाळा, महाविद्यालय आणि नोकरीची पहिली पाच वर्षे मी त्या शब्दाविनाच काढली.

अनोळखी माणसे मला सतत महाविद्यालयातली मुलगी समजतात. शहर बसमध्ये वाहक तिकीट फाडण्याआधी विद्यार्थी पास विचारतात, आणि सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या बाईंनी मला ‘बारावीला कोणता विषय घेतलास?’ असे अगदी मनापासून विचारले. एवढ्यावर थांबले असते तर मी येथे लिहिले नसते. गेल्या महिन्यात वडिलांच्या मुदत ठेवीच्या कामासाठी मी एका बँकेच्या शाखेत गेले होते. ठेव आम्हा दोघांच्या नावावर आहे आणि सर्व कागद मीच तयार केले होते. खिडकीमागच्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहून ‘बाळा, घरातलं मोठं कोणी आलं नाही का?’ असे विचारले. माझ्यासोबत माझा 26 वर्षांचा भाऊ होता, तो केवळ गाडी चालवायला आला होता. त्याला मात्र ‘सर, बसा ना’ असे म्हणून खुर्ची दिली आणि पुढचे सगळे बोलणे त्याच्याशीच झाले.

माझ्या कानशिलांवर पांढरे केस दिसू लागले आहेत, म्हणून हे चेहऱ्यामुळे होत असेल असे मला वाटत नाही. मी केस आखूड ठेवते, कारण मानेला केसांचा स्पर्श सहन होत नाही. जरीची किंवा खळ घातलेली साडी अंगावर टोचते, म्हणून सुती कुर्ता आणि पाठीवरची पिशवी हाच माझा रोजचा वेष असतो. बोलताना मी समोरच्याच्या डोळ्यांत फार वेळ पाहू शकत नाही.

स्वमग्न प्रौढ खरोखरच वयापेक्षा लहान दिसतात का, आणि दिसत असतील तर ते शरीरामुळे की वागण्यामुळे, हे मला समजून घ्यायचे आहे. मराठीत तर समोरच्याचे वय पहिल्याच शब्दात ठरवावे लागते, ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’. एकदा ‘तू’ निघाला की पुढचे सगळे संभाषण त्याच पायरीवरून चालते. त्या पायरीवरून वर कसे यावे?

गंगापूररोडवासी

आपला प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. मी मानसशास्त्राच्या क्षेत्रात काम करतो आणि प्रौढपणी निदान झालेल्या अनेकांकडून हीच तक्रार ऐकली आहे.

प्रथम शरीराविषयी. स्वमग्नतेचे निदान चेहरा पाहून होत नाही, ते वर्तन आणि विकासाचा इतिहास यांवरूनच होते. स्वमग्न व्यक्तीची त्वचा किंवा हाडे इतरांपेक्षा हळू म्हातारी होतात, असे सिद्ध झालेले नाही. चेहऱ्यावर भाव कमी उमटत असल्याने सुरकुत्या कमी पडतात, असे एक स्पष्टीकरण लोक देतात, पण तो तर्कच आहे. चेहरा किती वयाचा दिसतो हे ऊन, धूम्रपान, वजन आणि आनुवंशिकता यांवर पुष्कळ अवलंबून असते, आणि ते आपणा सर्वांना सारखेच लागू आहे.

मात्र समोरचा माणूस वय केवळ त्वचेवरून ठरवत नाही, हे आपण स्वतःच ओळखले आहे. उभे राहण्याची ढब, आवाजातील चढ-उतार, नजर कोठे आहे, उत्तराआधी किती क्षण गेले आणि अंगावर कोणता कपडा आहे, हे सर्व तो एका झटक्यात वाचतो. स्वमग्न व्यक्तींच्या चेहऱ्यावरील भाव इतरांच्या तुलनेत कमी वेळा आणि कमी काळ उमटतात, तसेच बोलण्याचा सूर वेगळा असतो, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. 2017 मध्ये संशोधक नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास येथे उपयोगी आहे. त्यात परक्या लोकांना स्वमग्न आणि इतर व्यक्तींच्या बोलण्याचे अगदी छोटे नमुने दाखवले गेले. चित्रफीत पाहून किंवा आवाज ऐकून लोकांनी स्वमग्न व्यक्तींविषयी काही सेकंदांतच प्रतिकूल मत बनवले, पण त्याच व्यक्तींचे शब्द केवळ लिखित स्वरूपात वाचायला दिले तेव्हा तो फरक उरला नाही. हा अभ्यास वयाच्या अंदाजाविषयी नव्हता, तरी बँकेच्या त्या खिडकीपाशी काय घडले असावे हे त्यावरून उमगते. आपण काय बोललात याला तेथे अवसरच मिळाला नाही.

दुसरे कारण इतिहासात आहे. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये स्वमग्न म्हणून प्रथम ज्यांचे वर्णन केले ती 11 मुले होती. 1980 च्या मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत तर या अवस्थेच्या नावातच शैशवाचा उल्लेख होता, तो 1987 च्या आवृत्तीत काढला गेला. आजही फलकांवर आणि माहितीपत्रकांत स्वमग्न म्हणून बहुधा लहान मुलाचेच चित्र असते. पण मुले मोठी होतात. कॅनर यांच्या त्या 11 जणांतील पहिले, डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपीतील आपल्या गावच्या बँकेत नोकरीला होते, गोल्फ खेळत, मोटार चालवत आणि एकट्याने परदेश प्रवास करत. 2023 मध्ये वयाच्या 89 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. असे म्हातारपण लोकांच्या डोळ्यांसमोर फारसे येत नाही, म्हणून प्रौढ स्वमग्न माणूस भेटला की त्याच्यासाठी त्यांच्या मनात जागाच तयार नसते.

जेलरोडची आई

ताई, तुम्ही माझ्या मुलीच्या वयाच्या आहात, तरी मी तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणते आहे, आणि ते मुद्दाम म्हणते आहे.

माझा मुलगा 27 वर्षांचा आहे. तो मोजकेच बोलतो, पण मोबाइलवर लिहून सविस्तर सांगतो. त्याला दाट दाढी येते, उंची पावणेसहा फूट आहे, तरीही औषधाच्या दुकानात त्याला ‘काय पाहिजे रे छोट्या?’ असे विचारले जायचे. मला लोकांचा फार राग येत असे. मग एके दिवशी त्याने मला लिहून दाखवले, ‘आई, तू पण पाहुण्यांसमोर मला बाळ म्हणतेस.’ ते वाचून मी बराच वेळ स्वयंपाकघरात एकटीच बसून राहिले.

त्यानंतर मी स्वतःकडे पाहू लागले. डॉक्टरांनी त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी द्यायची. त्याचे सदरे मी आणायची, आणि मऊ होजिअरीचे कापड हवे म्हणून मुलांच्या विभागातून मोठ्या मापाचे, पुढे कार्टून छापलेले आणायची. म्हणजे तो लहान दिसावा याची अर्धी तयारी मीच करून ठेवली होती. आता आम्ही कापड विकत घेतो आणि आमच्या शिंप्याकडून बिनकॉलरचा सदरा शिवून घेतो. शिवणीच्या कडा अंगाला लागू नयेत म्हणून तो त्या दुमडून बाहेरच्या बाजूने घेतो. रंग मुलगा स्वतः निवडतो. दवाखान्यात मी त्याच्या मागच्या खुर्चीवर बसते आणि तो लिहून होईपर्यंत गप्प राहते. हे गप्प राहणे मला अजूनही जड जाते.

कायद्याची एक गोष्ट सांगते, कारण ती मलाही उशिरा कळली. मूल 18 वर्षांचे झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते, मग ते मूल स्वमग्न असो वा नसो. ज्याला खरोखर गरज आहे त्याच्यासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो. ज्याला ती गरज नाही त्याच्या सहीच्या जागी दुसऱ्या कोणाची सही मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 13 मध्ये दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. बँकेत तुमच्या सोबत ‘मोठे’ कोणी असण्याची काहीही आवश्यकता नव्हती.

सातपूर_41

मी स्वतः स्वमग्न आहे, 41 वर्षांचा आहे आणि सातपूरला एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करतो. वरील दोन्ही प्रतिसाद मला पटले, पण एका बाबतीत मी वेगळे सांगेन. कपडे बदला, नजर मिळवा, आवाज खाली आणा, अशा सूचना पुढे येतील, त्या सर्व पाळू नका. मी त्या दहा वर्षे पाळल्या. लोक मला माझ्या वयाचा समजू लागले, हे खरे आहे. पण संध्याकाळी घरी आल्यावर मला जेवण्याचेही त्राण राहत नसे आणि रविवार अंधाऱ्या खोलीत पडून जात असे. आपले वय लोकांना पटवून देण्यासाठी इतकी किंमत मोजणे बरोबर नाही. जे कपडे तुम्हाला सुखाचे वाटतात तेच घाला.

‘तू’विषयी मी बराच विचार केला आहे. प्रत्येक ‘तू’ अपमानाचा नसतो. गोदाघाटावरच्या बाजारात भाजी विकणारी आजी मलाही ‘तू’ म्हणते आणि माझ्या साहेबांनाही. तिच्या ‘तू’मध्ये वयाचा हिशोब नाही, माया आहे. म्हणून मी एवढेच पाहतो की हाच माणूस माझ्या वयाच्या दुसऱ्या कोणाला काय म्हणतो. सर्वांना ‘तू’ म्हणत असेल तर मी सोडून देतो. तुमच्या भावाला ‘सर’ आणि तुम्हाला ‘बाळा’ म्हटले गेले, तेथे मात्र गप्प बसू नये.

मी एक वाक्य पाठ करून ठेवले आहे आणि कामाच्या ठिकाणी तेच पहिले बोलतो: ‘नमस्कार, माझं वय 41 आहे, हे काम माझं आहे, तुम्ही माझ्याशीच बोला.’ नजर खिडकीच्या चौकटीवर असली तरी चालते. वाक्य आधीच ठरलेले असल्याने आयत्या वेळी शब्द शोधावे लागत नाहीत. ज्या दिवशी बोलणे जमत नाही त्या दिवसासाठी तेच वाक्य मी एका पुठ्ठ्यावर लिहून खिशात ठेवतो.

आपण लहान दिसतो याचा आनंद माना, असे मला अनेकांनी सांगितले आहे. त्यांना हे ठाऊक नाही की लहान समजल्या गेलेल्या माणसाचे दुखणे, त्याची तक्रार आणि त्याची पगारवाढीची मागणी, सगळेच लहान समजले जाते.

गोदाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. काल मी पुन्हा त्याच शाखेत गेले, या वेळी वडिलांसोबत. सातपूरच्या दादांचे वाक्य मी रात्रीच वहीत लिहून पाठ केले होते. ते वाक्य मी बोलले तेव्हा माझा आवाज थरथरत होता, पण पूर्ण बोलले. ते गृहस्थ क्षणभर थांबले आणि ‘बोला मॅडम’ म्हणाले. दोन वाक्यांनंतर त्यांचे बोलणे पुन्हा वडिलांकडे वळले. तेव्हा वडील म्हणाले, ‘यातलं मला काही कळत नाही, तिलाच विचारा.’ काम वीस मिनिटांत झाले आणि पावतीवर सही मी केली.

वडिलांना मी हे प्रतिसाद वाचून दाखवले. ते मला घरात ‘बाळ’च म्हणतात आणि ते मला हवे आहे, हेही मी त्यांना सांगितले. बाहेर मात्र नावाने हाक मारायची, असे आमचे ठरले.

जेलरोडच्या काकू, सदऱ्यासाठी आपण कोणते कापड घेता, ते सांगाल का? मला कुर्ते तसेच शिवून घ्यायचे आहेत.

जेलरोडची आई

साधी मलमल घ्या, पण शिवण्याआधी ती दोनदा पाण्यात भिजवून आणि वाळवून आटवून घ्या, म्हणजे खळ निघून जाते. आणि शिंप्याला सांगा की मानेमागे लेबल लावायचे नाही. आमचा शिंपी पहिल्या वेळी विसरला होता.