दाब न मोजणे म्हणजे कुचराई नव्हे

निपाणीजवळ महामार्गावर जखमी झालेल्या तरुणाच्या कवटीतील दाब मोजणारी नळी बेळगावच्या रुग्णालयात बसवली नाही, म्हणजे उपचारांत कुचराई झाली, असा जो निष्कर्ष काढला गेला आहे, तो मला घाईचा वाटतो.

प्रौढ माणसात हा दाब साधारणपणे ७ ते १५ मिलिमीटर पारा असतो. कवटी ताठर असल्यामुळे सूज किंवा रक्तस्राव वाढू लागला की आधी मेंदूजल (मेंदूभोवतीचा द्रव) आणि शिरांमधले रक्त बाहेर सरकून जागा करून देतात. ती सोय संपली की मात्र थोड्याशा वाढीनेही दाब झपाट्याने चढतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. मेंदूच्या इजांवरील उपचारांची मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रेन ट्रॉमा फाउंडेशन या अमेरिकी संस्थेच्या २०१६च्या मार्गदर्शिकेनुसार हा दाब २२ मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेल्यास उपचार करावेत.

तरीही बोलिव्हिया आणि इक्वेडोरमधील ३२४ रुग्णांवर झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दाब मोजून केलेले उपचार हे सीटी स्कॅन आणि प्रत्यक्ष तपासणीवर आधारलेल्या उपचारांपेक्षा सरस ठरले नाहीत. (दाब न मोजलेल्या गटालाही अतिदक्षता विभागात ठरलेल्या पद्धतीने काटेकोर उपचार मिळत होते, हे सहसा कोणी सांगत नाही.) त्यामुळे नळी का नाही, यापेक्षा सीटी पुन्हा केव्हा काढणार, डोळ्यांच्या बाहुल्या किती वेळाने पाहतात आणि रक्तदाब व ऑक्सिजन घसरू नये यासाठी काय केले जात आहे, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारणे मला अधिक उपयोगाचे वाटते.