नागीण गेली, कळा राहिल्या: पुण्यात कुणाला दाखवावं?

कर्वेनगरवाली
नमस्कार मंडळी. सासूबाई, वय ६८, मधुमेह आहे. दिवाळीच्या सुमारास उजव्या कुशीला, छातीपासून पाठीपर्यंत नागीण उठली. आधी कुणाकडून तरी गेरू लावून उतरवून आणली, त्यामुळे गोळ्या उशिराच सुरू झाल्या. फोड सुकले, खपल्या पडल्या, आता नुसते डाग आहेत. पण संक्रांत होऊन गेली तरी आग थांबत नाही. ब्लाउज टेकला तरी कळवळतात. घरात मऊ झालेला जुना गाऊन घालतात आणि तोही डाव्या हाताच्या चिमटीत धरून अंगापासून लांब ठेवत फिरतात. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन सगळं झालं, ढिम्म फरक नाही. शेजारी म्हणतात वय झालं, मनाला लावून घेतात.
कुणाला दाखवू? त्वचारोगवाले, न्यूरॉलॉजिस्ट की पेन क्लिनिक? शक्यतो कोथरूड-एरंडवणे भागात सुचवा, रिक्षा प्रत्येक गतिरोधकावर उडते आणि त्यांचे डोळे भरून येतात.

शनिपार
मनाचं बिनाचं काही नाही. माझ्या वडिलांना अगदी हेच होतं. शर्टाची शिवणसुद्धा खुपायची. न्यूरॉलॉजिस्टकडे गेल्यावर दुसऱ्या मिनिटाला निदान झालं. दीनानाथ मंगेशकर रुग्णालय तुम्हाला जवळ पडेल, तिथे न्यूरॉलॉजी आहे. फोन करून वेळ घेऊन जा.
अवांतर: 'नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जातो' हे आमच्याकडेही एका आत्याने ऐकवलं होतं. वडील आधीच घाबरलेले, त्यात ही भर.

भूलवाला
मी भूलतज्ज्ञ आहे, वेदनाचिकित्सा करतो. पेन क्लिनिक बहुतेक ठिकाणी आमचीच मंडळी चालवतात, म्हणून लिहितो.
लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो विषाणू शरीरातून जात नाही, पाठीच्या कण्यालगतच्या चेतागाठींमध्ये दडून बसतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती उतरली की त्यातल्या एखाद्या गाठीतून नसेच्या वाटेने कातडीवर येतो. नस एका बाजूचीच असते, म्हणून पट्टाही बहुधा एकाच कुशीला उठतो आणि मधल्या रेषेवर थांबतो. टोकं जुळायची भानगड त्यामुळे सोडून द्या.
पुरळ बरं होतं, पण दुखावलेली नस खोट्या सूचना पाठवत राहते. वायर सोलल्यावर घंटी आपोआप वाजावी तसं. कापडाचा स्पर्श मेंदूला चटक्यासारखा पोचतो. पुरळानंतर तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या या दुखण्याला पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. जखमेवरची किंवा सुजेवरची नेहमीची गोळी इथे चालत नाही, कारण सूज हे दुखण्याचं कारणच नाही.
यासाठी गॅबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन देतात. पहिली दोन फिट्सवरची, तिसरं नैराश्यावरचं. कागदात ते वाचून घरचे दचकतात, 'आईला वेडाची गोळी दिली' म्हणून भांडायला येतात. दुखण्यासाठी ते नैराश्याच्या मानाने बऱ्याच कमी मात्रेत देतात. सुरुवात रात्री, थोड्यावर, आणि हळूहळू वाढवत न्यायचं. दोन दिवसांत गुण नाही म्हणून सोडणारे खूप. निदान काही आठवडे द्या. आणि मनाने एकदम बंदही करू नका.
तुमच्या सासूबाईंना मधुमेह आहे, तेव्हा क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट घेऊन जा, प्रीगाबालिनची मात्रा मूत्रपिंड बघून ठरते. काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर तेही आधीच सांगा, अ‍ॅमिट्रिप्टिलिन मग जपून. धड कातडीवर लावायचा लिडोकेनचा पट्टाही मिळतो: बारा तास ठेवायचा, बारा तास काढायचा. एवढ्याने भागलं नाही तर नसेजवळ इंजेक्शन वगैरे. मात्रा इथे लिहीत नाही, विचारूही नका.

वडगावचा_वारा
माझं वेगळं, पण त्याच जातीचं. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. डाव्या गालात वीज चमकून जाते, सेकंदभर, मग पुन्हा. डिसेंबरात सकाळी सिंहगड रोडवरून गाडी चालवताना हेल्मेटमध्ये गार वारा शिरला की ठरलेलं. दात घासताना, दाढी करताना तेच. आधी दातांचं समजून एक चांगली दाढ उपटून झाली. मग एमआरआय, त्यात एक रक्तवाहिनी नसेला टेकलेली दिसली. कार्बामाझेपिनने आराम आहे. पण सुरू करताना रक्तातलं सोडियम बघायला सांगितलं आणि अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी कळवा अशी ताकीद दिली. गोळ्यांनी भागलं नाही तर ती रक्तवाहिनी बाजूला सारायचं ऑपरेशन असतं म्हणे, मी अजून तिथवर गेलेलो नाही.

मंगळवारपेठी
खर्चाचा प्रश्न असेल तर ससून हे सरकारी रुग्णालय आहेच. सकाळी लवकर केसपेपर काढा, कोणत्या वारी कोणती ओपीडी ते आधी विचारून घ्या. माझ्या वडिलांच्या तळव्यांची आग साखरेची म्हणून सगळ्यांनी सोडून दिली होती. तिथे बी-१२ तपासलं तर तळाला गेलेलं. आम्ही शाकाहारी, त्यात वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी. तुमच्याकडेही एकदा तपासून घ्या.

कर्वेनगरवाली
सर्वांचे आभार, शनिपार यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. काल दाखवून आणलं, निदान भूलवाल्यांनी सांगितलं तेच. प्रीगाबालिन सुरू झालं. झोप लागली, पण सकाळी भोवळ येते आणि पाय किंचित सुजलेत. थांबवू का? शिवाय यजमान ५५चे आहेत, त्यांना नागिणीची लस द्यावी का?

भूलवाला
थांबवू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. दोन्ही गोष्टी या औषधाने होतात, ते मात्रा कमी करतील. तोवर रात्री बाथरूमला एकट्या जाऊ देऊ नका, या वयात पडल्या तर भलतंच निस्तरावं लागेल.
लस पन्नाशीनंतर घेता येते, आपल्याकडे २०२३ पासून मिळते. दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. स्वस्त नाही. सासूबाईंच्या आत्ताच्या कळा तिने जाणार नाहीत, यजमानांसाठी मात्र जरूर विचारा. आणि घरात पुन्हा कुणाला एका बाजूला फोडांचा पट्टा दिसला तर गेरूवाल्याकडे न जाता ७२ तासांच्या आत अँटिव्हायरल सुरू करा. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर उठला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही.