मंगोलांनी रस्ता उघडला, पण भुर्दंड कुणी भरला?

खानदेशी: काल इथे कुणीतरी लिहिलं, मंगोलांच्या एकछत्री शांततेमुळे व्यापाराचा सुवर्णकाळ आला, डोक्यावर सोन्याचं ताट घेऊन माणूस पूर्वेकडून पश्चिमेला सुखरूप जाई. डोकं फिरलं वाचून. १२२० ला बुखारा, १२२१ ला मर्व आणि निशापूर, १२५८ ला बगदाद. बाजारपेठाच कापून काढल्यावर रस्ता मोकळा झाला याचं कौतुक कसलं?

ताटवाला: लिहिणारा मीच. ख्वारज्मच्या सरहद्दीवरचं ओत्रार का गाळलंत? १२१८ मध्ये चंगेजखानाचा सुमारे ४५० व्यापाऱ्यांचा तांडा तिथल्या सुभेदाराने कापला. जाब विचारायला आलेल्या वकिलालाही ख्वारज्मशाहाने, म्हणजे तिथल्या सुलतानाने, मारलं. आणि फ्लोरेन्सचा पेढीवाला पेगोलोत्ती १३४० च्या सुमारास लिहितो, काळ्या समुद्राकडच्या ताना बंदरापासून चीनपर्यंतची वाट रात्रंदिवस सुरक्षित आहे.

रेवाकाठ: तो त्या वाटेने गेला होता का? व्यापाऱ्यांकडून ऐकलेलं लिहिलंय त्याने. तिथेच पुढे वाचा: व्यापारी वाटेत मेला आणि सोबत भाऊबंद नसेल, तर सगळा माल तिथल्या सरदाराचा. याला सुरक्षितता म्हणता?

खानदेशी: आणि ती मंगोल दूतांसाठीची डाकेची ठाणी! घोडे, चारा, जेवण, सगळं आसपासच्या गावांवर लादलेलं. इराणचा मंगोल राजा गझनखान, त्याचा वजीर रशीदुद्दीन स्वतः लिहितो, दूत घरात घुसायचे, अंथरुणं-भांडी उचलून न्यायचे.

ताटवाला: वेठीचं मान्य. ती कुठल्या राजवटीत नव्हती?

पेठेतला: नोटांचं कुणी बोलतच नाही! १२९४ मध्ये इराणचा मंगोल राजा गैखातू याने तबरीझमध्ये कागदी चलन काढलं, न घेणाऱ्याला देहदंड. बाजार ओस पडला, हुकूम मागे घ्यावा लागला. २०१६ च्या नोव्हेंबरात आमच्या कापडाच्या दुकानात वडील दिवसभर उधारीची वही लिहीत होते, गल्ल्यात जुन्या नोटा पडून. तबरीझचा दुकानदार मला कळतो.

ताटवाला: नोटबंदी इथे कशाला? चीनवर राज्य करणाऱ्या कुबलाईखानाने १२६० मध्ये काढलेल्या नोटा चीनमध्ये चालल्याच ना? तिथे आधीच्या सोंग राजघराण्याच्या काळापासून लोकांच्या हाताला कागद होता.

पेठेतला: तेच म्हणतोय! लोकांचा भरवसा नसताना वरून लादलं की दुकानदार मरतो. तुम्ही कधी गल्ल्यावर बसलाय का?

ताटवाला: वैयक्तिक होऊ नका.

रेवाकाठ: नोटा पुरे. ही 'एकछत्री शांतता' होती तरी कधी? १२६२ पासून इराणचा हुलागू आणि व्होल्गाकाठचा बर्के हे मंगोल राजे, सख्खे चुलतभाऊ, एकमेकांशी लढत होते. मार्को पोलो आणि मंडळी मंगोल राजकन्येला घेऊन इराणला निघाली ती चीनहून जहाजाने, कारण खुष्कीच्या वाटेवर लढाई पेटलेली.

ताटवाला: सलग शंभर वर्षं शांतता होती असं मी म्हटलेलं नाही. पण इटलीतल्या जिनोव्हाचे व्यापारी तबरीझला पेढ्या थाटून बसले, ते त्याच राजवटीत.

खानदेशी: बसले असतील. त्या ठाण्यांना घोडे पुरवणाऱ्या गावांचा हिशोब त्यांच्या चोपड्यांत नव्हता.