गुरुत्वीय लहरींचं वेड असलेल्या मुलीला कुठे नेऊ? आयुका की खोडद?

गोदाकाठ
माझी लेक नववीत आहे. गुरुत्वीय लहरींबद्दल, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या सूक्ष्म तरंगांबद्दल, मिळेल ते वाचते. फेब्रुवारीअखेर आम्ही नांदेडहून पुण्याला तिच्या मामाकडे येतोय, पण हाताशी एकच मोकळा दिवस आहे. आयुका ही खगोलसंशोधन संस्था दाखवू की नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण? तिला प्रश्न विचारता यायला हवेत, एवढीच अट.

पाषाणकर
आयुका. विद्यापीठाच्या आवारातच आहे, त्यामुळे जाण्यायेण्यात दिवस मोडत नाही. पृथ्वी फिरते हे दाखवणारा फुकोचा लंबक तिथे आहे. विज्ञान दिनाला संशोधक मुलांशी छान बोलतात.

रानवारा
एकच दिवस असेल तर मी खोडदच म्हणेन. २८ फेब्रुवारीच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं, जुन्नर-आंबेगावकडच्या शाळांची मुलं स्वतःचे प्रयोग घेऊन येतात. तुमच्या लेकीला तिच्याच वयाची, तिच्यासारखीच मुलं भेटतील. आणि ४५ मीटर व्यासाची अँटेना जवळून बघणं फोटोत होत नाही. अशा एकूण ३०, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन रांगांत दूरवर पसरलेल्या. तबकडी पत्र्याची नाही, तारेच्या जाळीची आहे, हे तिला नीट बघू द्या. इथे टिपल्या जाणाऱ्या रेडिओ लहरींची लांबी साधारण २१ सेंटिमीटरपासून पुढे, त्यामुळे बारीक भोकं त्यांना अडचणीची नाहीत. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही वाचला. जीएमआरटी उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही कल्पना मला आजही थक्क करते.

गोदाकाठ
पण ती रेडिओ दुर्बीण ना? गुरुत्वीय लहरींशी तिचा काय संबंध?

रानवारा
थेट संबंध आहे, म्हणून तर आग्रह करतोय! पल्सार म्हणजे गरगर फिरणारे मृत तारे. त्यांचे रेडिओ ठोके घड्याळासारखे नेमाने येतात. प्रचंड लांबीची गुरुत्वीय लहर पृथ्वीवरून गेली की ते किंचित लवकर किंवा उशिरा पोचतात. हा फरक सेकंदाच्या काही कोट्यांश भागाएवढा असतो आणि तो पकडायला वर्षानुवर्षं मोजत बसावं लागतं.

मेख अशी की वाटेतल्या विरळ वायूमुळेही ठोके रेंगाळतात, आणि कमी वारंवारितेचे जास्त रेंगाळतात. हा उशीर नेमका मोजून वजा केल्याशिवाय लहरीचा माग लागत नाही. कमी वारंवारितेवर चालणारी जीएमआरटी इथे कामाला येते. जून २०२३ मध्ये जगभरच्या गटांनी अशा लहरींचे पुरावे जाहीर केले. त्यात युरोपीय गटाबरोबर आपला भारतीय गट होता, खोडदची निरीक्षणं घेऊन.

२०१५ साली अमेरिकेतल्या लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेने पकडलेली लहर सेकंदभरही टिकली नव्हती. पल्सारच्या ठोक्यांतून शोधल्या जाणाऱ्या लहरींचं एक आवर्तन पूर्ण व्हायला काही वर्षं लागतात. त्यांचा उगम बहुधा एकमेकांभोवती फिरणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांत असावा. तिथल्या कुणालाही तिने हा फरक विचारावा.

सिद्धेश्वर_हिंगोली
ताई, तुम्ही नांदेडच्या, मग आमच्या औंढा नागनाथचं कुणी सांगितलं नाही का? लायगो-इंडिया तिथेच उभी राहणार आहे. प्रत्येकी ४ किलोमीटरच्या दोन भुजा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. अमेरिकेतल्या दोन केंद्रांना इतक्या दूरची जोड मिळाली की लहर आकाशात कुठून आली ते जास्त नेमकं कळेल. आज बघण्याजोगं काही नाही, त्यामुळे सहलीचा बेत नको. पण शिकून मोठी झाल्यावर काम करायला तिला मराठवाड्यातच जागा आहे, हे तिला आजच कळू द्या.

पाषाणकर
हे वाचून माझंही मत फिरलं, खोडदलाच जा. आयुका पुढच्या खेपेला.

गोदाकाठ
खोडद ठरलं. मुक्काम पुण्यात करू की नारायणगावात?

रानवारा
नारायणगावात. गर्दी फार होते, सकाळी लवकर पोचा. तारीख-वेळ आधी संस्थेच्या संकेतस्थळावर बघून घ्या. आवारात मोबाईल बंद ठेवावा लागतो, त्याच्या लहरींनी निरीक्षणं बिघडतात. प्रश्न वहीत लिहून न्या.